आवीसच्या उंचीची वात

२ फेब्रुवारी, पोरसवद्या एडवर्ड राजाचं दुसरं वर्ष
आज मेणबत्त्यांचा सण, आणि एकही मेणबत्ती पेटली नाही! राजाचा हुकूम: मेणबत्त्या, मूर्ती, नवस, सगळं थोतांड, सगळं बंद. माझा जन्म मेण वितळवण्यात गेला. दरवर्षी सगळं गाव पेटत्या वाती घेऊन चर्चला फेरी घालायचं. आज लोक नुसते उभे. हात कुठे ठेवावेत तेच कोणाला कळेना.

७ मार्च
आवीसचा ताप हटत नाही. पोर डोळे उघडते, पण मला, आईला, ओळखत नाही.
सूत घेऊन तिला मापलं — टाळूपासून टाचेपर्यंत. तेवढी लांब वात मेणात बुडवली, वेटोळं केलं. ताप उतरवणारी संत पेट्रोनेला, चर्चमधल्या तिच्या मूर्तीपुढे जाळीन म्हणून नवस बोलले. माझ्या आईनं माझ्यासाठी हेच केलं होतं. मी जगले.
नवरा म्हणाला, "सिबिल, बंदी आहे."
"हॅमंड, ताप काय राजाला विचारून आलाय?"


९ मार्च
चर्चमधला पेट्रोनेलाचा कोनाडा रिकामा! चर्चचा कारभारी जर्व्हेस चुन्याची बादली घेऊन उभा.
"कुठाय ती?"
"नेली गं. वरून माणसं आली होती, गाडीत घालून नेली."
"मग ही वात कोणापुढे लावू? तुझ्या बादलीपुढे?"
"लावू नकोस बाई! मला तुरुंगात धाडशील."
मेला भित्रा! तशीच परत आले.

११ मार्च, रविवार
वात आणि चकमक कमरेला खोचूनच चर्चला गेले. कोणी बघो न बघो, त्या रिकाम्या कोनाड्यात लावणारच!
दारातच थबकले. एवढा उजेड! त्या भिंती धुरानं काळ्या असायच्या — माझ्याच मेणाच्या धुरानं. आता पांढऱ्याफेक. ऊन त्यांच्यावरून नुसतं सांडत होतं. डोळे ठरेनात.
मग क्रिस्पिन पाद्री बायबल वाचायला लागले — नेहमीच्या लॅटिनमध्ये नाही, आपल्या बोलीत! एका बापाची पोर मरायला टेकलेली. तो येशूच्या पायावर लोळण घेतो. लोक म्हणतात, मेली, आता कशाला त्रास देतोस. येशू आत जातो, तिचा हात धरतो — आणि पोर उठून चालते. वर म्हणतो, हिला खायला द्या!
चाळीस वर्षं या फरशीवर गुडघे झिजवले. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. शब्द न् शब्द कळला. 
बाहेर जर्व्हेसनं हळूच विचारलं, "लावलीस?"
"नाही रे."
"शहाणी आहेस."
शहाणी कसली! विसरले. पोरीचा नवस — आणि मी विसरले!
पळत माघारी गेले, तर चर्चच्या दाराला कुलूप.

१२ मार्च
आवीस पाणीही गिळत नाही. नवस मोडला मी. 

१३ मार्च
ताप उतरला. आवीसनं पेज मागितली, वर म्हणाली मीठ कमी आहे!
वात तशीच पडून आहे, न पेटवलेली, आणि ‘हिला खायला द्या’ हे कानातून जात नाही. आता नवस फेडू कोणाला?