कुणाचाही हक्क नसलेलं घर

११ नोव्हेंबर १९५३, गुलबर्गा

आज मी घरमालकीण झाले! हे वाक्य लिहिलं, पुन्हा वाचलं आणि एकटीच हसले. सोलापुरात इतकी वर्षं मुलींना शिकवलं, पण राहिले ती दुसऱ्यांच्या माडीवर, ‘मास्तरीणबाई, पाणी जपून’ ऐकत. आता सांडलं तरी माझ्याच मोरीत सांडेल.

घर लहानसं आहे. तीन खोल्या, शहाबादी फरशी, पुढे कट्टा, मागे पेरूचं झाड. डाळगिरण्यांकडून वारा आला की तुरीचा खमंग वास घरभर होतो. सगळी खटपट अण्णांची. माझे हे थोरले भाऊ, जयतीर्थ वकील, इथल्या कोर्टात नाव राखून आहेत. आईने मला दिलेले दागिने मोडले, माझी शिल्लक घातली आणि बाकी सगळं त्यांच्यावर सोपवलं.

तसं मी डोळे झाकून काही केलं नाही. मास्तरीण आहे, प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. विकणारे गुंडेराव एकटेच मालक का? वाटेकऱ्यांची संमती आहे का? घर कुठे गहाण आहे का? घरात राहण्याचा हक्क आणखी कुणाला आहे का? शेवटच्या प्रश्नावर गुंडेराव चुळबुळले. त्यांच्या थोरल्या भावाची विधवा, सरस्वतीबाई, यांना या घरात जन्मभर राहण्याचा हक्क होता म्हणे. पण त्या केव्हाच करजगीला माहेरी गेल्या. अण्णा हसून म्हणाले, ‘‘नलू, वकील मी का तू? घर निर्वेध आहे.’’ खरेदीखत उर्दूत. मला अलिफही ओळखू येत नाही. अण्णांनीच ते मराठीत वाचून दाखवलं.

एक गंमत झाली. नव्या घरात आपण नवा विस्तव पेटवून दूध उतू घालतो. पण गुंडेराव ऐकेनात. चुलीत जुना विस्तव राखेखाली झाकून ठेवला होता, तो मी स्वतःच्या तोंडाने फुंकावा असा त्यांचा हट्ट. अण्णाही म्हणाले की इकडे ताबा घेतल्याची हीच खूण, चूल कुणी फुंकली हे कोर्टसुद्धा विचारतं. फुंकली बापडी. एका फुंकरीत भडका उडाला, राख डोळ्यांत गेली. डोळे पुसून बघते तो गुंडेराव चहासुद्धा न घेता पायऱ्या उतरत होते. मी केलेला शिरा अण्णांनीही तोंडात घातला नाही. कोर्टाची घाई होती म्हणाले.

१९ नोव्हेंबर

शाळा ठीक आहे. पोरी कानडी, उर्दू, मराठी एकाच वाक्यात कालवतात. मी सुधारायला जाते आणि घरी येऊन स्वतःच तसं बोलते.

शेजारची नागूबाई दूध घालते. म्हशीइतकीच शांत बाई, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही. आज आग्रह केला तर म्हणाली, ‘‘न्हाई अक्का, हितंच बरं हाय.’’ कामून म्हणून विचारलं, तर चरवी उचलून चालू लागली.

चुलीचं मात्र नवल वाटतं. सकाळी मी विस्तव झाकायला विसरते, संध्याकाळी येऊन पाहावं तर राख नीट सारखी केलेली, खाली निखारे लाल. गोवऱ्या चांगल्या असाव्यात.

२ डिसेंबर

आज मोठ्या बाईंनी माझी गैरहजेरी मांडली. मी त्यांच्या पुढ्यात बसले होते! हात वर केला, हाक मारली. त्या शिपायाला म्हणाल्या की नव्या बाईंकडे कुणीतरी जाऊन बघून या. थट्टा असेल तर फार वाईट आहे.

नागूबाईने दूधही बंद केलं. हाक मारली तेव्हा ती माझ्या दाराकडे बघत होती, पण माझ्याकडे नव्हे. मग तिने पदर तोंडाला लावला.

७ डिसेंबर

अण्णांकडे जायला निघाले. कोपऱ्यावरच धाप लागली. श्वास आत जाईचना. भिंत धरधरून परत आले. चुलीपाशी बसले, तेव्हा कुठे छाती भरली.

पुन्हा निघाले. पुन्हा तेच. उंबऱ्यापासून जितकं लांब जावं तितका श्वास कमी पडतो. डॉक्टरला बोलवावं, पण बोलावणार कुणाकडून?

१४ डिसेंबर

आज दुपारी दारात एक बाई आल्या. तांबडं लुगडं, डोक्यावरून पदर, उन्हाकडे अशा बघत होत्या की जणू ऊन प्रथमच पाहिलं. त्यांना मी दिसले. मला रडू फुटलं.

त्या सरस्वतीबाई. करजगीला कधी गेल्याच नव्हत्या. म्हणाल्या, मी इथंच होते, तुमच्या शेजारी, चुलीपाशी बसलेली. तुम्ही फुंकलंत तेव्हापासून मला थोडा थोडा श्वास येत गेला, आज कुठे उंबरा ओलांडता आला.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. या घराची चूल एका बाईचा श्वास धरून ठेवते. ती बाई कुणाला दिसत नाही, तिची हाक ऐकू येत नाही, हळूहळू तिचा हक्कही लोक विसरतात. मग घर निर्वेध होतं. ज्या बाईचा हक्क अडचणीचा, तिला फुंकायला बसवायचं. दुसरी बाई फुंकेपर्यंत पहिलीची सुटका नाही. पाणी ओतून विस्तव विझवला तर चूल कायमची मरते, पण बाईचा श्वासही तिच्याबरोबर जातो.

मी विचारलं, मला फुंकताना पाहिलंत, तेव्हा पाणी का नाही ओतलंत? त्यांनी मान खाली घातली. ‘‘मला जगायचं होतं, अक्का.’’

जाताना म्हणाल्या, जी आधी चुलीपाशी बसली तिला आणि ज्यानं बसवलं त्याला मात्र बाई दिसते. गुंडेराव रोज त्यांच्यासमोर पाट मांडून जेवत असत. एकदाही मान वर केली नाही.

१५ डिसेंबर

गुंडेरावांनीच अण्णांना फसवलं. अण्णांना हे ठाऊक असणं शक्य नाही. लहानपणी मला काटा रुतला तर ते रडत.

पण सरस्वतीबाई आणखी एक बोलल्या होत्या, ते काल लिहिलं नाही. खरेदीखताचं बोलणं चुलीपाशीच झालं, त्यांनी ऐकलं. घर माझ्या नावावर नाही. अण्णांच्या नावावर आहे.

माझे दागिने. माझी शिल्लक.

नाही. अण्णा आले की कळेल. मी दिसले नाही तर ते निर्दोष. माझा भाऊ मला दिसू नये, अशी प्रार्थना करावी का — नाही, मीच त्याला दिसू नये अशी —

काय लिहिते आहे मी.

२९ डिसेंबर

भूक लागत नाही. चूल मीच झाकते आता. हात आपोआप जातो.

नागूबाई संध्याकाळी उंबऱ्याबाहेर भाकरी ठेवून गेली. रडत होती. तिला सगळं ठाऊक होतं का? सगळ्यांनाच?

४ जानेवारी १९५४

अण्णा आले आहेत. बाहेर कट्ट्यावर आवाज. एकटे नाहीत. उद्धवराव म्हणून कुणी घराचं गिऱ्हाईक आहे. बरोबर त्याची विधवा भावजय, तरणी, कडेवर मूल.

ती विचारते आहे, ‘‘भावजी, घरात माझं बी नाव लागंल न्हवं?’’ तो म्हणाला, ‘‘व्हय की वैनी.’’

आत येतायत. मी दारातच उभी राहिले. अण्णांच्या अगदी समोर.

ते मला वळसा घालून गेले. वळसा घालून — मोकळ्या जागेला वळसा घालतं का कुणी — माणूस उभं असलं तरच वळसा —

नाही. निसरडी असेल फरशी.

अण्णा सांगतायत — घर रिकामं आहे, कुणाचा हक्क नाही, बोजा नाही. इकडची पद्धत म्हणून वहिनींनी चूल फुंकावी.

मूल खाली ठेवलं तिने. पदर खोचला. वाकते आहे.

ओरडले मी. ऐकू जात नाही. आता ती फुंकेल आणि मी सुटेन. शाळा. ऊन. सोलापूर. मला जगायचं आहे, देवा, किती जगायचं आहे —

पाण्याचा तांब्या भरलेला आहे. डाव्या हाताने उचलला —

‘‘नलू,’’ अण्णा म्हणाले. ‘‘नलू, नको.’’

दिसत होते मी. सगळा वेळ —

अण्णा, आता मान वर करा आणि बघा, मी तांब्या —