लीलाबाईंची हळद आणि आमचं पातेलं

कराड, रविवार

उदयसिंहराव पाहुणे यांना लालासाहेबाचा रामराम.

तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि वहिनीसाहेबांनी तुमचं तिखट बंद केलं असेल, असं धरून चालतो. फोन सोडून पत्र लिहायचं कारण, फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. (पलटणीत एवढी वर्षं काढली, पण बोलताना इतका अडथळा तिथंही झाला नाही.)

तुमची पूजा संशोधनासाठी आमच्याकडं राहायला आल्यापासून पाण्याचा पेला सुखानं तोंडाला लावायची सोय राहिली नाही. तिनं कॉलेजात एक औषध तयार केलंय. पाण्यात शिसं उतरलेलं असेल, तर त्याचा थेंब टाकून जांभळ्या उजेडाची बॅटरी मारली की पाणी हिरवं चमकतं. हे शिसं पोटात गेलं की माणूस आतून हळूहळू नासतो, आणि चवीला काही कळत नाही म्हणे. विहिरीचं, नळाचं, कृष्णेचं, सगळं पाणी पास झालं. मला जरा वाईटच वाटलं. मोर्चेबांधणी करावी आणि शत्रूच येऊ नये, याचं दुःख फौजी माणसालाच कळतं.

एके दिवशी ती कॉलेजात गेली असताना बॅटरी माझ्या हाती लागली. दारंखिडक्या लावून मी तपासणी सुरू केली. माझा धुतलेला सदरा निळा पेटला. आरशात बघितलं तर दातसुद्धा चमकत होते (वरचे, खालची कवळी अंधारातच राहिली). मी घाबरून शेजारच्या लीलाबाईंना सावध करायला गेलो. त्या स्वयंपाकघरात हळदीचं दूध पीत होत्या. बॅटरी मारली आणि दूध पिवळंहिरवं झळकलं! लीलाबाईंनी दूध तर ओतलंच, पण सांगलीहून आणलेली वर्षाची हळदही उकिरड्यावर नेऊन टाकली. मी डबा धरून मदत केली.

संध्याकाळी पूजानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “मामा, थेंब कुठं टाकला?” हळद म्हणे त्या उजेडात आपली आपणच चमकते, आणि सदरा धुण्याच्या पावडरीमुळं. लीलाबाई मला काय काय बोलल्या ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, “आवं, दुसऱ्याची हळद बगन्यापरीस सवताच्या घरातली भांडी बगा की.”

पूजानं ते मनावर घेतलं. आमच्या आमटीच्या पितळी पातेल्यात तिनं चिंचेचं पाणी ठेवलं, सकाळी त्यातलं थोडं काढून औषध टाकलं, बॅटरी मारली, आणि ते हिरवंगार चमकलं.

पाहुणे, तुमच्या बहिणीचं, बनुबाईचं, पोट वर्षभर दुखत होतं. डॉक्टर पित्त म्हणायचे आणि मी आळस म्हणायचो. रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. गेल्या वर्षी बाजारात त्या पातेल्याला कल्हई लावून आणली होती, त्या कथलातच भेसळ होती. औषध खरं ठरलं म्हणून पूजानं नाचायला हवं होतं, पण ती आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आता उपचार चालू आहेत. काल बनुबाई स्वतः जिना चढून गच्चीवर गेली आणि पापड वाळत घालून आली. आमटी मात्र स्टीलच्या भांड्यात होते आणि तिला दवाखान्याची चव लागते.

बाकी भेटीअंती बोलू. राग आलाच तर तोही पत्रानंच कळवावा.

तुमचा दाजी,
लालासाहेब

ता. क. : मेढ्याच्या पाहुण्यांना दाखवायला पूजाला पुढच्या रविवारी धाडा, असं तुम्ही म्हणाला होता. ती येणार नाही. तिचा प्रबंध पुरा होईपर्यंत हा विषय काढू नका, एवढंच सांगायला हे पत्र. तुम्ही ऐकणार नाही म्हणून बनुबाईकडूनही दोन शब्द मागून घेतले. ती म्हणाली, “दादाला म्हनावं, आदी मला बगून जा, मग काय बोलायचं ते बोल.”

दुसरा ता. क. : मेढ्याला मी परस्पर फोन करून टाकलाय. मुलाच्या आईला राग आला नाही. त्यांच्या घरातही सगळी कल्हईची भांडी आहेत, तर मुलगी बॅटरी घेऊन एकदा येऊन जाईल का, एवढंच त्यांनी विचारलं. पूजा जायला तयार आहे. मुलगा घरी नसेल अशा दिवशी.