वाफेनंतरचे मंगळवार

६ जाने., मंगळ.
दिवाळीआधी मिलमध्ये वाफेची लाइन फुटली, तेव्हापासून घरी. हातावरचे फोड बरे झाले. पण कुठे फुस्स झालं की छाती धडधडते. सुनंदा डाळसुद्धा उघड्या पातेल्यात शिजवते.
आज भाविनीबेनकडे पहिल्यांदा. मनाच्या डॉक्टर. त्यांच्या बोटामागे डोळे फिरवायचे, आठवण मनात धरून. पुढच्या मंगळवारपासून.
सुनंदा: "नुस्ता डोया फिराईसन भेव जास का?"
म्हटलं, जाईल. बाईंवर भरवसा बसलाय.

१३ जाने., मंगळ.
बेननी विचारलं, सगळ्यात वाईट चित्र कोणतं? पांढरी वाफ. आत माझा पाळीतला जोडीदार दिलीप, ओरडतोय, दिसत नाही. "उस वक़्त क्या लगा?" मी मरतोय. त्रास दहापैकी नऊ.
"सर मत हिलाना, सिर्फ आँखें." बोट डावीकडे, उजवीकडे. थांबल्या की, "क्या आया?" एकदा वास आला. एकदा वडील, का कोण जाणे. मग एक हात, व्हॉल्व्ह फिरवणारा. माझाच. वाफ मीच बंद केली होती. माहीत होतं, पण दिसलं आज.
घामाघूम. उठताना पाच.

१४ जाने., बुध. उत्तरायण.
पहाटे घाणेरडं स्वप्न. बेननी सांगूनच ठेवलं होतं, पडतील, घाबरायचं नाही.
गच्चीवर अख्खी बिल्डिंग. कुणाचा तरी फुगा फुटला. दचकलो. मांजा सोडला नाही. दोन पतंग कापले. पटेलकाका: "केम भाई, हवे सारुं छे?" बरं होतंय, म्हटलं.

२७ जाने., मंगळ.
चित्र तेच, पण लांब गेलंय. जुन्या फोटोसारखं. त्रास दोन.
विचारलं, हे होतं कसं? बेन हसल्या. "पूरा किसी को नहीं पता. फायदा होता है, इतना पता है." खोटं बोलत नाहीत, बरं वाटलं.
संध्याकाळी सुनंदाने कुकर लावला, अपघातानंतर पहिल्यांदा. मी ओट्याशीच उभा. दुसऱ्या शिट्टीला गॅस मीच बारीक केला.

३ फेब्रु., मंगळ.
मिलमधून साहेबांचा फोन. बॉयलरवर येतोस की फोल्डिंगला, कापडाच्या घड्या घालायला बसवू? आठवडा मागितला. सुनंदा म्हणते फोल्डिंग. मला बॉयलरच हवा. अकरा वर्षं सांभाळलाय. अजून बोललो नाही तिच्याशी.

८ फेब्रु., रवि.
सुनंदाला घेऊन बारडोलीला, दिलीपकडे. हल्ली सासुरवाडीत असतो. मान, एक गाल भाजलेला. आजवर माझ्याने जाववलं नव्हतं. आज बघितलं त्याच्याकडे, नीट.
चहा झाल्यावर म्हणाला, "माले काहीच याद नई, संजूभाऊ. त्या रोज काय व्हयनं?"
सुनंदा लगेच, "ऱ्हाऊ द्या ना." दिलीप माझ्याकडेच बघत होता.
खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "सकाळची पाळी होती आपली."