सात नारिंगांचं अंगण

प्रिय दुर्रा,

तू काढलेला नव्या अंगणाचा नकाशा काल मनोरुग्णालयात सगळ्यांना दाखवला. मला अक्षर कळत नाही, पण झाड कळतं, आणि अंगणातली सातही नारिंगं तुझ्या कागदावरून गायब होती. त्यांच्या जागी काचेची भिंत, पलीकडे गोटे आणि तीन काटेरी कुंड्या. मुनसिफ डॉक्टर कौतुकाने म्हणाला, "आजी, नात मोठी हुशार हो तुमची! आता रुग्णांना खोलीत बसून बाग दिसणार." म्हटलं, दिसणारच. बंद दुकानातली मिठाई पोरांना दिसते, तशी.

रुग्णांना फांद्या धोक्याच्या, असं तू त्याला पटवलंस म्हणे. अगं शहाणे, मग खालच्या छाट, देखरेखीला दोन बायका वाढव! धोका काय असतो ते मला शिकवू नकोस. तुझा बाप समुद्रावरून परतला नाही आणि माझी लेक सलूहा बोलायची थांबली, तेव्हापासून सहा वर्षं मी दर गुरुवारी दोन बस बदलून इथे तिच्याकडे येते. तू एकदाच आलीस. अंगणाला फीत लावलीस, माप घेतलंस आणि आईला न भेटता गेलीस. (लिहिणारी थांबलीय. लिही गं, सगळं लिही.)

लहानपणी नाबुलच्या आपल्या बागेत नारिंगाची फुलं खुडायच्या दिवसांत तू झाडाखालच्या चादरीवरच झोपायचीस. आई तुला फुलांनी झाकायची आणि "माझी पोर कुणी पळवली?" म्हणून मलाच जाब विचारायची. आठवतं? की तेही खोडलंस?

यंदा इथल्या मोठ्या नर्सबाईंनी झाडांखाली चादरी घालू दिल्या. सगळ्याजणी खुडायला बसल्या, मीही रोज येऊ लागले. तीन दिवस सलूहाचे हात मांडीवर पडून होते. चौथ्या दिवशी तिने माझ्या हातातलं फूल हिसकावलं. मी चुरगळत होते ना, चुरगळलं की अर्क काढताना फुलाचं पाणी कडवट उतरतं! असे डोळे वटारले माझ्यावर! सहा वर्षांनी लेक माझ्यावर रागावली, आणि मी मेली आनंदाने रडत बसले. काचेआडच्या गोट्यांवर कशी रागावणार होती ती?

सोमवारी करवतवाले येणार आहेत. हे पत्र नेहमीच्या पोस्टाच्या कारकुनाने लिहिलंय असं समजून वाचत असशील, तर अक्षर पुन्हा एकदा बघ. तुझ्या शाळेच्या वह्यांवर तुझं नाव याच अक्षरात असायचं. परवा चादरीवर बसल्या बसल्या तुझ्या आईने नर्सबाईंच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली. बोलत नाही अजून. मी सांगते, ती लिहिते, आणि तुला घातलेल्या शिव्या खोडते. वर बघ, दोन ठिकाणी खोडलंय. सोमवारच्या आधी ये. या वेळी फीत घरी ठेव, खोडरबर आण.

तुझीच, अजून न निवलेली
आजी