उंबरठ्याआडून शिकलेला गुलाब

मी, देवाजी गोविंदा लांजेवार, वय वर्षे सहासष्ट, मूळ गाव सिहोरा, तहसील तुमसर, हल्ली मुक्काम भंडारा, धंदा पूर्वी पितळेची भांडी घडवणे, सध्या क्रेप कागदाची फुले करणे (शिकाऊ), माझ्यामागे माझ्या मालमत्तेचे काय व्हावे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. कोणी माझा हात धरलेला नाही, कोणी काही पाजलेले नाही, कोणी धाक घालून बसवलेले नाही. धाक घालणारा शुक्रवारी येणार आहे. आज बुधवार आहे. उद्या हे कागद घेऊन मी नोंदणीच्या कचेरीत जाणार आहे.

कलम १. माझे डोके ठिकाणावर आहे. हे एरवी एका ओळीत लिहून भागते, पण माझे भागणार नाही. माझा एकुलता एक मुलगा भोजराज, राहणार गोंदिया, याचे मागच्या आठवड्यात पत्र आले. त्यात तो लिहितो की ज्या माणसाने पन्नास वर्षे हातोडा चालवला तो म्हातारपणी सुनेजवळ बसून कागदाची फुले करतो, त्या अर्थी त्याला वेड लागले आहे. शुक्रवारी तो गाडी घेऊन येईल, मला इलाजासाठी नागपूरला नेईल, आणि तोवर मंदाबाईला माहेरी पाठवून घराची किल्ली त्याच्यासाठी तयार ठेवावी. आज सकाळी मी डॉक्टरसाहेबांकडे जाऊन तपासून घेतले. त्यांचा दाखला सोबत टाचला आहे. तरीही कोर्टात फुलांचा प्रश्न निघेलच, म्हणून फुलांचे काय झाले ते पुढच्या कलमात सांगतो. न्यायाधीशसाहेबांनी वाचून स्वतःच ठरवावे.

कलम २. मंदाबाई ही भोजराजची लग्नाची बायको. १९६८ साली ती या घरात आली. १९७४ साली मूलबाळ नाही हे निमित्त करून भोजराज गोंदियाला गेला आणि तिथे त्याने दुसरा संसार मांडला. मंदाबाई इथेच राहिली. लग्नाच्या मांडवासाठी, शाळेच्या गॅदरिंगसाठी, गणपतीच्या मखरासाठी ती क्रेप कागदाची फुले करून देते. तिची मिळकत तेवढीच.

गेल्या वर्षी लग्नसराईत ती विहिरीवर घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर लागले. सिहोऱ्याच्या कवडू गभणे यांच्या मुलीच्या मांडवासाठी तीनशे गुलाब द्यायचे होते आणि हातात आठ दिवस होते. ते काम गेले असते तर सिहोऱ्याकडची सगळी गिऱ्हाइके तंबूवाल्याकडे गेली असती. ती आत बसून डाव्या हाताने कात्री धरायची आणि कात्री पडायची. तो आवाज मी दोन दिवस ऐकला. तिसऱ्या दिवशी मी ओसरीवरून म्हणालो की मला दाखवा, मी करतो.

आता अडचण अशी की आमच्या घरात सून सासऱ्यासमोर येत नाही आणि त्याच्याशी बोलत नाही. चौदा वर्षे तिने मला जेवायला वाढले ते ताट उंबरठ्यावर ठेवून, बांगडी वाजवून. मग शेजारच्या शकुनबाईला बोलावले. वय सत्तर, विधवा, तोंडाने फटकळ. ती उंबरठ्यावर बसली, मी बाहेर, मंदा आत दाराआड. आतून आवाज आला, "शकुनबाई, मामाजीले सांगा, कागद आडवा नका कापू म्हना. सुरकुत्या उभ्या पाह्यजेत, देठापासून शेंड्यापर्यंत."

शकुनबाई माझ्यापासून दोन हातांवर. ती वळून म्हणाली, "आइकलं का देवाजी? उभा काप."

मी म्हणालो, "मी काही बहिरा नाही. सांग तिले, समजून राहिलं मले."

समजत काही नव्हते. पाकळीच्या मध्यावर दोन्ही अंगठे ठेवून कागद अलगद फाकवायचा, म्हणजे तिथे खोलगट वाटी होते, आणि कडा तशाच आखडलेल्या ठेवायच्या. मी गुंड, म्हणजे पाण्याच्या पितळी घागरी, घडवणारा माणूस. पत्रा मध्यापासून कडेपर्यंत सगळीकडे सारखा ओढायचा हे माझ्या हाडात बसलेले. मी पाकळी तशीच ओढली. एकेक पाकळी परातीसारखी सपाट झाली. अशा चाळीस केल्या आणि मोठ्या ऐटीत उंबरठ्यावर ठेवल्या. आतून निकाल आला, "शकुनबाई, मामाजीले म्हना, ह्या सगळ्या मेल्या."

मला राग आला. मी म्हणालो, "मेल्या म्हंजे काय? पुन्हा आखडून घे म्हना." कारण पितळ ठोकून कडक झाले तर ते भट्टीत लाल करायचे, की पुन्हा मऊ होते आणि पुन्हा हातोड्याखाली येते. कितीही वेळा करा. आतून उत्तर आले की कागद एकदाच ताणता येतो, जास्त ताणला की संपला. हे ऐकून मी हातातले काम खाली ठेवले आणि त्या दिवशी पुन्हा हात लावला नाही. का ते कलम पाचमध्ये आहे.

दुसऱ्या दिवसापासून नीट शिकलो. बोटाला थुंकी लावून कागद उचलण्याची सवय होती, ती मोडावी लागली, कारण ओल लागली की गुलाबी रंग सुटून पाकळीवर डाग पडतो. बांबूच्या काडीला आधी तीन लहान पाकळ्या घट्ट, मग पाच मोठ्या सैल, दोऱ्याचे वेढे, वरून हिरवी पट्टी आणि मैद्याची खळ. मंदा प्रत्येक फूल डाव्या हातात फिरवून बघायची. पसंत ते टोपलीत, नापसंत ते उंबरठ्यावर परत. तिनेही प्लास्टरबाहेर राहिलेल्या बोटांनी पट्ट्या गुंडाळल्या, शकुनबाईनेही दोरे बांधले. तीनशे झाले. त्यातले माझे पसंतीचे एकशे बारा. कवडू गभणे यांनी ते मोजून घेतले आणि एकही परत केले नाही. त्यानंतर मी हे काम सोडलेले नाही. यात वेडेपणा कोणता ते मला कोणीतरी दाखवून द्यावे.

कलम ३. घर. भंडारा येथील दोन खोल्या, ओसरी, मागची न्हाणी आणि विहिरीतला अर्धा हिस्सा. पूर्वेस शकुनबाईचे घर, पश्चिमेस व उत्तरेस गल्ली, दक्षिणेस विहीर. हे घर मी १९५१ साली माझ्या हातोड्याच्या कमाईतून घेतले. वडिलांची सिहोऱ्याची धानाची जमीन आणि तलावाखालची बांधी माझ्या भावाकडे गेली. त्यातला एक दाणा या घरात आलेला नाही. म्हणून हे घर वडिलोपार्जित आहे असे कोणी म्हटले तर ते खोटे आहे. हे घर मी मंदाबाई हिला पूर्ण मालकीहक्काने देत आहे. तिने ते विकावे, ठेवावे, भाड्याने द्यावे. कोणाला विचारण्याची गरज नाही.

कलम ४. पोस्टातली शिल्लक मंदाबाईला. दोन कात्र्या, तारेचे वेटोळे आणि उरलेला कागद तिचाच आहे, तो मी काय देणार? तिने तो ओलीपासून जपावा. पावसाळ्यात ती गठ्ठा खिडकीखाली ठेवते. हे मी तिला कधी बोललो नाही, आता लिहितो.

कलम ५. भोजराज. त्याला माझी ऐरण, सर्व हातोडे आणि त्याच्या आईचा, कै. सुंदरबाईचा, पितळी डबा. अवजारे त्याला नको असतील हे मला माहीत आहे. त्याचे कारण मी आहे. १९६१ साली तो चौदा वर्षांचा होता. त्याच्या हातून एक गुंड फुटला आणि मी त्याला कारागिरांच्या देखत मारले. एकदा नव्हे, ऐरणीजवळ बसवून आठवडाभर रोज मारले, की शिकेल म्हणून. तो पुन्हा ऐरणीवर बसला नाही आणि माझ्याशी पुन्हा सरळ बोलला नाही. त्या दिवशी उंबरठ्याजवळ मेलेल्या पाकळ्या बघून मला हेच आठवले. ती चूक माझी होती आणि मी ती त्याला कधी बोलून दाखवली नाही. भोजराज, माझं चुकलं. पण त्याची भरपाई मंदाच्या डोक्यावरचे छप्पर काढून होणार नाही.

दिवाळीत तो आला तेव्हा अंगणात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडला, "बाबा, लोकं हासून राह्यले! सासरा अन् सून दार लावून फुलं करतात म्हनतात. घर माह्या नावानं करा. तिच्या नावानं केलं तं मी अग्नी द्याले येनार नाही, सांगून ठेवतो." आत मंदाच्या हातातला गंज, भाताचे पितळी पातेले, खाली पडला. त्या धमकीचे कलम नववे आहे.

कलम ६. भैय्यालाल, भांड्यांचे व्यापारी. यांच्या दुकानासाठी मी तीस वर्षे भांडी घडवली. दार लावून बसतात ही बातमी गोंदियाला यांनी पोचवली. दार कधीही लावलेले नव्हते. दारात शकुनबाई बसलेली होती, आणि तिला ओलांडून दार लावणे कोणाच्या बापाला जमणार नाही. काल मी साक्षीदार व्हा म्हणायला गेलो तर म्हणाले, "मी नाही पडत या लफड्यात, देवाजी." त्यांना माझ्या पहिल्या चाळीस पाकळ्या द्याव्यात. जुन्या पेटीत आहेत. दुसरे काही नाही.

कलम ७. शकुनबाईला मोठा गंज द्यायचा होता. वकिलांनी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. म्हणून तो मी काल जिवंतपणीच तिच्या चुलीवर नेऊन ठेवला. ती म्हणाली, बूड पातळ आहे. बूड पातळ नाही.

कलम ८. मंदाबाईकडे कोणी हे काम शिकायला आले तर तिने समोर बसून शिकवावे.

कलम ९. माझा अंत्यविधी. हे कलम मी सकाळपासून टाळत आलो. मुलाने अग्नी दिला नाही तर माणसाची काय गत होते ते मला लहानपणापासून सांगितलेले आहे, आणि सहासष्टाव्या वर्षीही ते अंगातून जात नाही. मला भीती वाटते. दिवाळीनंतर मी दोनदा कागद घेऊन बसलो, दोनदा घर भोजराजच्या नावे लिहिले, सहीपाशी आलो आणि फाडून टाकले. हे मंदाला माहीत नव्हते. आता माहीत होईल. मला त्याची शरम आहे.

आज दुपारी आठ कलमे लिहून झाल्यावर मी शकुनबाईला म्हणालो, "शकुन, तिले विचार. भोजराज नाही आला तं तू अग्नी देशीन का म्हना. घर लिहिलंच आहे तिच्या नावानं, संगं थेही लिहून टाकतो."

शकुनबाई नेहमीसारखी आत वळली नाही. म्हणाली, "हे मी नाही विचारत. हे तूच विचार."

आत कात्री चालू होती, ती थांबली. मंदा उठून आली आणि उंबरठा ओलांडून ओसरीवर माझ्यासमोर बसली. पदर डोक्यावर होता, तोंड उघडे होते. तिच्या उजव्या भुवईत जुन्या जखमेचा व्रण आहे हे मला आज कळले.

"मामाजी," ती मला म्हणाली, "घर मले कायचं देऊन राहिले? कामाचं का अग्नीचं?"

मी म्हणालो, "कामाचं."

"मंग अग्नीचं कायले लिहिता? लिहिलं तं लोकं म्हनतीन घरासाठी दिला. अन् उद्या कोर्टानं घर काढून घेतलं तं मी काय तुमाले तसंच पडू देईन? अग्नी मी देईन. थे कागदावर नको."

शकुनबाई नाक पुसत होती आणि धूर झाला म्हणत होती. चूल विझलेली होती.

तरी वरचा मजकूर घडले ते सांगण्यापुरता समजावा. हुकूम, अट किंवा मोबदला म्हणून या कलमात मी काहीही लिहीत नाही. खाली सहा ओळींची जागा कोरी ठेवून तिच्यावर मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आहे, म्हणजे माझ्यामागे त्यात कोणाला काही घालता येणार नाही.

एकूण पाने पाच, प्रत्येक पानावर माझी सही. पूर्वी फाडलेले दोन्ही कागद रद्द.

(सही) देवाजी गोविंदा लांजेवार

साक्षीदार १. शकुनबाई, राहणार भंडारा. मजकूर वाचून दाखवला, तो ऐकला, आणि देवाजीने माझ्यासमोर सही केली. निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची.

साक्षीदार २. कवडू गभणे, राहणार सिहोरा. निरोप मिळताच दुपारच्या एसटीने आलो. मजकूर वाचला. देवाजी लांजेवार पूर्ण शुद्धीत आहेत व त्यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

ठिकाण: भंडारा
तारीख: १६ फेब्रुवारी १९८३