शुगरमुक्तीचा भगवान पॅटर्न

१२ जून २०१७, सोमवार

शाळेत कॅम्प झाला. नागपूरहून संशोधनवाली टीम आली आहे. शुगर, बीपी असले जन्माला चिकटणारे आजार गावात कसे रोखायचे, आणि झालेच तर कसे सांभाळायचे, याचा अभ्यास. डोणगावचे दोनशे लोक, सहा महिने. मी नुसता बघायला गेलो होतो. कृषी केंद्राचा मालक म्हटल्यावर खुर्ची मिळते, चहा मिळतो. चहा घेतला. मग बोट टोचलं. ३१२.

मशीन खराब. दुसऱ्या मशीनवर ३०८. म्हणजे दोन्ही खराब, दुसरं जरा कमी खराब.

बायकोची, कोकिळाचीही शुगर थोडी निघाली. म्हटलं, घाबरू नको. ती स्वतःसाठी घाबरलीच नव्हती, माझ्या पायांकडे बघत होती. माझ्या थोरल्या भाऊंचा पाय गुडघ्यापासून कापला तेव्हा शेवटपर्यंत हिनेच केलं त्यांचं. तेव्हापासून शुगर म्हटलं की हिला पायच दिसतो. वास्तविक भाऊंचा पाय शुगरने गेला नाही, डॉक्टरने नेला.

टीमच्या प्रेरणा मॅडम पोरसवदा आहेत, पण समजावून सांगतात. गोळी दोन टाइम. रोज पाऊण तास चालणं. रोज रात्री पायाचे तळवे आरशात बघणं. मी विचारलं, शुगर रक्तात असते तर पायाकडे कशाला बघायचं? त्या म्हणाल्या की पायाची जाणीव जाते, जखम झाली तरी कळत नाही. मनात म्हटलं, बाई, अठ्ठावन्न वर्षं झाली या पायांवर उभा आहे.

दंडातलंही रक्त घेतलं, बाटलीत भरून नागपूरला नेलं. कशाला नेलं देव जाणे.

१३ जून

संकल्प: १) पहाटे साडेपाचला उठणे. २) पाच किलोमीटर. ३) साखर बंद. ४) गूळ चालू (गूळ नैसर्गिक). ५) सहा महिन्यांत शुगर मुळासकट उपटणे. बी.एस्सी. ॲग्री दोन वर्षं केलं आहे. शास्त्र मला शिकवू नये.

१४ जून

साडेपाचला उठलो. पाऊस येईल असं वाटलं. झोपलो. पाऊस आला नाही.

१६ जून

आजपासून चालणार होतो. पण पेरणीचा सीझन, दुकानात बीटी कपाशीच्या पाकिटांना गर्दी. पाकिटासोबत साध्या कपाशीची छोटी पुडी येते, ती कडेने लावायची असते. ती लावली नाही तर अळी बीटीला सरावते असं पाकिटावर लिहिलंय. वामनराव विचारत होते, हे लावू का? म्हटलं, फेका ती पुडी. कडेच्या ओळी काऊन वाया घालवता? बीटीले अळी लागत नाही, मी गॅरंटी. वामनराव शहाणा शेतकरी. फेकली.

२० जून

शेजारचा कय्यूमभाई, गादी-रजईवाला, तोही अभ्यासात आहे. रमजान चालू, तरी मॅडमना विचारून गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारीला बसवून घेतल्या पठ्ठ्याने. वर मला सांगतो की मॅडमने खजूरसुद्धा मोजून दिले. हसलो. ज्याचं शिक्षण कमी, तो डॉक्टरचं सगळं ऐकतो.

४ जुलै, मंगळवार

एकादशी. उपवास. शुगरला याच्यासारखं औषध नाही. साबुदाण्याची खिचडी दोनदा, रताळ्याचा शिरा, केळी, संध्याकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. कोकिळा म्हणे, एवढा उपास आपण रोज केला तर दुकान विकावं लागन. असे टोमणे मारायची सवय तिला माहेरून आहे.

८ जुलै

आज एक मोठी गोष्ट लक्षात आली. लिहून ठेवतो.

गोळी रोज घेणं हे अशास्त्रीय आहे. पिकावर कीड दिसली, आणि ती नुकसान पातळीच्या वर गेली, तरच फवारणी. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. कीड नसताना फवारलं की औषधाची ताकद जाते. शरीराचंही तेच. म्हणून गोळी फक्त तपासणीच्या आधी चार दिवस. डबल डोस, सोबत उपास. बाकी दिवस शरीराला मोकळं सोडायचं.

कोकिळाला सांगितलं. ती म्हणे, अन् दुकानात तर लोकाईले कीड नसतानी फवारा म्हणता. तिला विज्ञान आणि व्यापार यातला फरक कळत नाही.

११ जुलै

बोट टोचणीची तपासणी. १३४! मॅडम खूश. कय्यूमभाईची १४८. रोज गोळ्या खाऊन, रोज चालून. बिचारा.

मॅडमना म्हटलं, माझी पद्धत वेगळी आहे, वेळ आली की सांगेन. लातूर पॅटर्न असतो तसा शुगरचा भगवान पॅटर्न व्हायला हरकत नाही. त्या हसल्या. कौतुकाने.

१२ जुलै

पॅटर्न यशस्वी झाल्याबद्दल पाव किलो जिलेबी. सकाळी कारल्याचा रस घेतलेलाच होता. बीटीत औषध झाडाच्या आतच असतं, अळीने चावा घेतला की अळी मेली. तसं आता माझं आहे. साखर आत येते आणि मरते.

१९ जुलै

मेहकरहून चालायचे पांढरे बूट आणले. कोकिळा म्हणे, घट्ट दिसतात जी. म्हटलं, मला मुळीच घट्ट वाटत नाहीत. घालून बसस्टँडपर्यंत गेलो, तिथे भजी खाल्ली, ऑटोने परत. सुरुवात तर झाली.

२३ जुलै

उजव्या पायाच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला बुटाने घासलंय. मोज्याला रक्त लागलेलं कोकिळाने धुताना पाहिलं, मला पत्ताच नाही. अजिबात दुखत नाही. दोन महिन्यांपूर्वी टाच चुरचुरायची, आता तीही बंद. म्हणजे शुगर उतरली. एवढं सरळ आहे. तरी कोकिळा हातात आरसा घेऊन मागे लागली. तिला ओरडलो.

२ ऑगस्ट

नोंदवही भरली. प्रत्येकाला एक वही दिली आहे: गोळी घेतली का, किती चाललो, पाय बघितले का. मॅडम उद्या वही बघणार, म्हणून आज संध्याकाळी पूर्ण जुलै भरला. तीन पेनं वापरली. मध्ये दोन दिवस 'पाऊस, ४ किमीच'. एका पानावर चहाचा थेंब पाडला. निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी स्टॉक रजिस्टर भरून भरून हात बसलाय माझा. कय्यूमभाईची वही पाहिली, खाडाखोड, कुठे 'आज नै गया' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं. कशाला इम्प्रेशन खराब करतो माणूस?

२१ ऑगस्ट, पोळा

पुरणपोळ्या चार. (पाच.) बैलांचा मान असतो, नाही म्हणता येत नाही. बैल आपल्याकडे नाहीत, पण मान आहे.

अंगठ्याची जखम भरली नाही. कडा पांढरट. कोकिळा मेहकरच्या डॉक्टरकडे चला म्हणते. सणावाराला दवाखाना!

२४ ऑगस्ट

उपाय केला. संत्र्याच्या खोडाला डिंक्या लागला की आम्ही बोर्डो पेस्ट देतो. मोरचूद आणि चुना. खोड ठणठणीत होतं. बोट म्हणजे शेवटी काय, फांदीच. दुकानातून आणून लावली. निळं झालं बोट, पण दुखलं नाही. आग सुद्धा झाली नाही! कोकिळाने बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग गरम पाणी आणलं आणि पाणी निळं व्हायचं थांबेपर्यंत धुवत बसली.

११ सप्टेंबर

उद्या तपासणी. फवारणी चार दिवसांपासून चालू. आज उपास. चक्कर येते, म्हणजे लागू पडतंय.

१२ सप्टेंबर

१२८! विक्रम. पण मॅडमनी पुन्हा दंडातलं रक्त घेतलं. पायही बघायचे होते. म्हटलं, दुकान उघडं आहे, पुढच्या वेळी.

१८ सप्टेंबर, सोमवार

अन्याय झाला आहे.

दंडाचं रक्त नागपूरहून आलं. त्यात म्हणे मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर लिहिलेली असते. रक्तातच. माझी साडेअकरा. चांगल्या माणसाची सहाच्या खाली, सांभाळणाऱ्याची सातपर्यंत. जूनमध्ये माझी दहा होती.

मॅडम शांतपणे म्हणाल्या की, काका, तपासणीच्या दिवशीची शुगर पाहुण्यासारखी असते, घर कसं चालतं ते सरासरीत कळतं. म्हटलं, सरासरी हे शास्त्रच नाही. ज्याचं डोकं भट्टीत आणि पाय बर्फात, त्याचीही सरासरी नॉर्मल येते. त्या म्हणाल्या, पायाचं काढलंत तर दाखवाच पाय. मी उठून आलो.

कय्यूमभाई ६.८. कोकिळाचा आकडा ऐकायला थांबलो नाही.

२५ सप्टेंबर

दुकानात वामनराव डोमकळ्या घेऊन आले. कपाशीची फुलं उमलतच नाहीत, गुलाबासारखी मिटलेली. त्यांना अळीची शंका. म्हटलं, ढगाळ हवामान आहे, होतं असं. झाड बघा किती हिरवंगार आहे. वरून झाड चांगलं तर आत सगळं चांगलं.

३० सप्टेंबर, दसरा

सोनं वाटायला आलेल्यांना श्रीखंड-पुरी. मी चव बघितली.

फ्लेक्स छापायला टाकला: 'शुगरमुक्तीचा भगवान पॅटर्न. मोफत मार्गदर्शन, दर रविवारी.' माझा फोटो, सफारीतला. मॅडमच्या टीमने नागपूरच्या परिषदेत बोलावलं तर भाषण तयार आहे. साडेसात पानं.

१५ ऑक्टोबर

पहिला रविवार. मार्गदर्शनाला सहा जण आले. चौघे बीटीवरून भांडायला.

२३ ऑक्टोबर

चालणं बंद ठेवावं लागतंय. कारण वैद्यकीय नाही. चालायचा रस्ता शिवारातून जातो, आणि शिवारात लोक असतात. वामनरावांनी काल दुकानासमोर वीस बोंडं फोडली. वरून हिरवी, टणटणीत. आत सरकी पोखरलेली, प्रत्येकात गुलाबी अळी. बोंडं काउंटरवर ठेवली अन् म्हणे, गॅरंटी होती ना भगवानराव? मग गेले. त्यांच्या पाठमोऱ्या चालण्याकडे मला बघवलं नाही. मी काय करू? मला कंपनीने सांगितलं, मी लोकांना सांगितलं.

काउंटर धुवून घेतला.

२९ ऑक्टोबर

कय्यूमभाई सकाळीच आला, नाक दाबून. म्हणे, भगवानराव, दुकान में चूहा मरा है क्या? शोधलं. उंदीर नाही. मग तो माझ्या बुटाकडे बघत राहिला. म्हणे, भाई, खुदा के वास्ते पाँव किसी को दिखाओ. मी म्हटलं, रब्बीचा माल आवरतोय. तो न सांगता मागे घरात गेला आणि कोकिळाशी बोलला. शेजाऱ्यांनी इतकं आत जाऊ नये.

४ नोव्हेंबर

थंडी वाजून ताप. व्हायरल आहे. बोट काळं झालंय, पण ते मोरचुदामुळे.

ताप असूनही कर्तव्य सोडलं नाही. नोंदवही महिनाअखेरपर्यंत भरून टाकली. ३० नोव्हेंबरपर्यंत निवांत.

७ नोव्हेंबर

लिहायला हात चालत नाही. कोकिळाने कय्यूमभाईची गाडी बोलावली. मी म्हटलं, सोमवारी जाऊ. तिने माझं ऐकलं नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पहिल्यांदा.

१६ नोव्हेंबर, गुरुवार. औरंगाबाद, दवाखाना

शनिवारी अकरा तारखेला ऑपरेशन झालं. अंगठा गेला, शेजारचं बोट गेलं. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा घरी बसला असता तर गुडघ्याखालून काढावा लागला असता. म्हटलं, म्हणजे वेळेत आलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कोकिळाला सांगितलं, तुम्ही वेळेत आणलं.

प्रेरणा मॅडम आज भेटायला आल्या. माझी नोंदवही कोकिळानेच त्यांना दिली. मॅडमनी अकरा तारखेचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. माझंच अक्षर: 'गोळी घेतली. ५ किमी चाललो. पाय बघितले, उत्तम.' त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी तोंड दिलं असतं. विचारलं, ही वही अभ्यासात वापरली तर चालेल का? लोक नोंदी कशा भरतात, खरं सांगायला का लाजतात, आमचं काय चुकतं, हे समजून घ्यायला तिचा मोठा उपयोग होईल म्हणे. नाव छापणार नाहीत.

म्हणजे परिषदेत मी जाणार. बिननावाचा. 

सही केली.

निघताना त्यांनी कोकिळाची तीन महिन्यांची शुगर सांगितली. सहाच्या आत. जूनपासून ती रोज पहाटे चालते, ज्वारीची भाकर मोजून खाते, हे मला माहीतच नव्हतं, मी त्या वेळी झोपलेलो असतो. माझ्याच पॅटर्नमुळे घरात वातावरण तयार झालं, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

तोपर्यंत तिने माझा डावा पाय मांडीवर घेतला होता. आरशात तळवा बघत होती, बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या पुसत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात थांबत नव्हता. मान वर न करता म्हणे, उरलेली आठ तरी मले देऊन टाका जी, मी पाह्यते त्याइले.

हाव, दिली म्हटलं.