बोटीने निघालेला मोर

विश्रामबाग, सांगली
चैत्र शु. ५, शके १८६९

ती. अक्कास अंजनाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पाडव्याला पोचलं. भावजींचा खोकला थांबला हे वाचून जिवाला बरं वाटलं. इकडे आम्ही तिघंही ठीक. ऊन असं आहे की अंगणातली बादली हाताला चटका देते. विनूची परीक्षा संपली आणि आता तिचा पाय घरात ठरत नाही.

तिजेला गौर बसवली. हळदीकुंकू अजून केलेलं नाही. तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगते. मोर आलेला नाही.

भाद्रपदात ह्यांनी कॉलेजातल्या एका प्रोफेसरांकडून लंडनच्या दुकानाचा कॅटलॉग घरी आणला होता, ते तुला लिहिलं होतंच. त्यात पत्र्याचा मोर होता. किल्ली दिली की मान हलवतो, पिसारा फुलवतो. असा मोर गौरीपुढे उभा राहिला तर! लग्न झाल्यापासून मी ह्यांच्याकडे हट्ट म्हणून केला तो हा एकच. 'माल बोटीने रवाना' असं दुकानाचं पत्र माघात आलं, आणि तेव्हापासून ती बोट कुठल्या समुद्रात गोते खाते आहे, देव जाणे. आमच्या पोस्टमनला, केरबाला, मी रोज विचारते. आज वैतागलाच तो. "आवं बाई, बोट काय माज्या सायकलीला बांदलीया व्हय? आली की आनतो की!"

शेजारच्या उमाबाईंचं हळदीकुंकू कालच उरकलं. कसली घाई असते एकेकाला! पाच पायऱ्यांची आरास, कलिंगडाचं कमळ, साबणाच्या वड्या कोरून केलेले घाट आणि त्याखाली आरशाची कृष्णामाई. बायका माना डोलावत होत्या, मीही डोलावली. आंब्याची डाळ मात्र आंबटढोण होती. मला हेवा वाटतो असं समजू नकोस. गौर महिनाभर असते. अक्षय्य तृतीयेपर्यंत केव्हाही करता येतं.

मुलांना आशीर्वाद.
तुझी, अंजना

---

विश्रामबाग
चैत्र व. ८

ती. अक्कास सा. न.

'एका खेळण्यापायी बायकांना ताटकळत ठेवतेस, शहाणी की खुळी?' असं तू लिहिलंस. खुळी म्हण. पण ऐक.

मागच्या वर्षी उमाबाईंच्या हळदीकुंकवाला आमची विनू दारात गुलाबदाणी घेऊन उभी होती. उमाबाईंनी शिवलेलं परकर-पोलकं अंगात, केसांत त्यांनीच माळलेला गजरा. मी पन्हं पीत बसले होते. माझ्या शेजारी मिरजेची एक नवखी बाई होती. ती मला म्हणाली, "उमाबाईंची लेक किती गोड आहे हो! अगदी आईवर गेलीय."

अक्का, मी हसले. 'ती माझी आहे' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. का निघाले नाहीत, ते वर्षभर मला कळलेलं नाही.

उमाबाईंना मूल नाही. वाईट वाटतं मला, दगड नाही मी. पण गावात इतकी पोरं असताना माझीच का? विनू सकाळी दूध पिते ते उभ्या उभ्या, की पळाली. तिकडे दोघी मिळून कागदाचा लगदा भिजवतात, बाहुल्या करतात. जेवायला बोलावलं तर "काकूंकडे जेवले". परवा तापात होती तेव्हा बडबडली, तेही "उमाकाकू" असंच. मी उशाशी बसले होते.

माझ्या हाताला कला नाही हे तुला माहीत आहेच. माझी रांगोळीसुद्धा वाकडी. म्हणून तो मोर हवाय मला. तिने एकदा तरी आपल्या घरात, माझ्या गौरीपुढे टाळ्या वाजवाव्यात आणि तिथेच बसून राहावं.

काल उमाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "पार्सल नाही आलं तर काळजी करू नका हं. तुमची आरास मी आणि विनू मिळून करू." मी आणि विनू! हरणाबाई भांडी घासत होती, तिने माझं तोंड पाहिलं आणि खाली मान घालून जोरजोरात तवा घासायला लागली.

त्यांच्या यजमानांच्या विमा कंपनीत बदल्यांचं वारं आहे म्हणतात. मी गौरीपुढे साखर ठेवली. काय मागितलं ते लिहीत नाही.

तुझी, अंजना

---

विश्रामबाग
वैशाख शु. ६

ती. अक्कास सा. न.

मोर आला. तृतीयेच्या आदल्या दिवशी केरबाने खोकं ओट्यावर टेकवलं. "घ्या तुमची इलायत! आता तरी मला रोज आडवू नगा." पिसाऱ्याचं एक पीस वाकलं होतं, ह्यांनी चिमट्याने सरळ केलं.

लगेच करंडा घेऊन बोलावणं करायला निघाले. सगळी आळी केली. शेजारचं फाटक आलं. आतून विनूचं हसणं ऐकू आलं, माझ्या घरात कधी न ऐकलेलं, पोट धरून. आणि मी फाटक उघडलंच नाही. सरळ पुढच्या घरी गेले.

तृतीयेला मोराने पिसारा फुलवला. बायका अवाक झाल्या. विनूने टाळ्या वाजवल्या, अक्का, माझ्या पदराला धरून वाजवल्या! मग ओट्या भरून झाल्या, बायका गेल्या, तेव्हा तिने विचारलं, "उमाकाकू का नाही आल्या?" मी म्हटलं, काम असेल. तर तिने गौरीपुढचा मोर उचलला. "मग मीच दाखवून येते त्यांना." मी हाक मारीपर्यंत ती फाटकाबाहेर.

तिन्हीसांजेला परत आली. मोर कोनाड्यात ठेवला आणि म्हणाली, "काकू रडत होत्या. म्हणाल्या, मूलबाळ नसलं की कुणी कुणी ओटीला बोलवत नाही. आई, असं असतं?"

अक्का, गौरीशप्पथ, हे माझ्या मनात आलंसुद्धा नव्हतं. सगळ्या आळीला बोलावून शेजारच्या सवाशिणीला वगळलं, तर याचा दुसरा अर्थ काय होणार? हे कळायला मला आठ वर्षांची पोर लागली. रोज करंडा घेऊन निघते आणि फाटकापासून परत येते. जाऊन सांगू काय? खरं कारण त्यांच्या तोंडावर सांगायचं म्हणजे माझी मुलगी मी स्वतःच त्यांच्या पदरात घातल्यासारखं.

साखरेला देवी पावली. त्यांची बदली झाली, आणि झाली ती साताऱ्याला! तुमच्याच यादोगोपाळ पेठेत खोल्या घेतल्यात. येत्या सोमवारी निघतात. विनू दोन दिवस नीट जेवलेली नाही. आजवर कधी मावशीचं नाव काढलं नाही, आता म्हणते, सुट्टीत मावशीकडे जाऊ. पाठवीन. पण झोपायला तिला तुझ्याच घरी ठेव, एवढं तरी ऐक.

आणि उमाबाई आल्या की तू जा. खण-नारळाने त्यांची ओटी भर, हात आखडू नकोस. त्यांना सांग, अंजनाने तुम्हाला मूल नाही म्हणून वगळलं नाही. तिच्या मुलीची आई तुम्ही झालात, म्हणून वगळलं.

हे लिहितानाही माझा जळफळाट झाला, ते मात्र सांगू नकोस.

तुझीच धाकटी,
अंजना